पिवळ्या दिव्याची फिर्याद

मोटारदुरुस्तीच्या धंद्यात ज्यांची उमेदवारी कार्ब्युरेटरच्या अमदानीत झाली, त्या आमच्या पिढीला यंत्राचा दोष कानांनी ऐकावा, नाकाने हुंगावा आणि बोटांनी चाचपावा, एवढीच विद्या वस्तादाकडून मिळाली होती. यंत्र स्वतःच आपल्या दुखण्याची नोंद करून ठेवील आणि मागणाऱ्यास ती आकड्यांत वाचून दाखवील, असे त्या काळी कोणी बोलून दाखवले असते, तर दुपारच्या चहाला त्याची यथेच्छ थट्टा झाली असती. पुढे कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आले, आणि डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा दिसू लागला. त्या सुरुवातीच्या काही गाड्यांत तपासणीच्या जोडणीतील ठरावीक टोके तारेच्या तुकड्याने एकमेकांस जोडली, की हा दिवा लुकलुकू लागे: आधी एकदा, मग क्षणभर विराम, मग दोनदा, म्हणजे १२, म्हणजे दप्तरी काही तक्रार नाही. भर दुपारी डॅशबोर्डावर गोणपाटाची सावली धरून, श्वास रोखून त्या लुकलुकी मोजणाऱ्या आम्हा मंडळींकडे रस्त्याने जाणारे लोक ज्या दृष्टीने पाहत, ती दृष्टी मला अजून आठवते.

सोलापूरच्या गॅरेजवाल्यांना ही नवी लिपी आसपासच्या तालुक्यांच्या आधी शिकावी लागली, याचे कारण सरकारी आहे. १ एप्रिल २०१० रोजी देशातील ज्या मोजक्या शहरांना भारत स्टेज ४ चे धूरनियम लागू झाले, त्यांत मुंबई-पुण्याच्या पंगतीला सोलापूरही होते. हा मान आम्हाला चादरींनी नव्हे, तर हवेतील धुळीने मिळवून दिला. बाकीच्या सबंध देशाला तेच नियम सरसकट लागू व्हायला १ एप्रिल २०१७ ही तारीख उजाडावी लागली. या नियमांबरोबर गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी, असाही दंडक आला: प्रथम साधा, तारा तुटल्या-जुळल्याची खबर ठेवण्यापुरता, आणि २०१३ च्या एप्रिलपासून अधिक कडक, म्हणजे इंजिनाचे ठोके चुकणे आणि धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरची शक्ती क्षीण होणे यांवरही पाळत ठेवणारा. परिणामी काही वर्षे असा विचित्र प्रकार होता, की रंगारूपाने जुळ्या भासणाऱ्या दोन व्हॅनी एकाच दिवशी दुरुस्तीला याव्यात, आणि शहराच्या हद्दीत नोंदलेल्या व्हॅनीला जेवढे बोलण्याची कायद्याने सक्ती होती, तेवढी हद्दीबाहेरच्या तिच्या बहिणीला नसावी.

अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून सर्व मोटारींना जी एकच सामाईक भाषा सक्तीची झाली, तीच थोड्याफार फरकाने आपल्याकडे आली. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, सोळा पिनांचे एक कनेक्टर असते. त्यात स्कॅनर लावला की एक अक्षर आणि चार अंक यांचा कोड पडद्यावर उमटतो. पी हे अक्षर इंजिन व गिअरबॉक्सचे, सी चॅसीचे, बी बॉडीचे आणि यू हे आपापसांतल्या संदेशव्यवहाराचे. त्यापुढचा शून्य सर्व कंपन्यांना समान असलेल्या कोडाची खूण, तर एकाचा अंक बहुधा कंपनीच्या खासगी कोडाची. मग ०१ म्हणजे हवा-पेट्रोलाचा मामला, ०३ म्हणजे ठिणगीचा, ०४ म्हणजे धुराच्या बंदोबस्ताचा. एवढे पाठ करायला हुशार पोराला एक संध्याकाळ पुरते, आणि एवढे पाठ झाले की तो स्वतःला मेकॅनिक समजू लागतो. वास्तविक कोड ही फिर्याद आहे. तो निकाल नव्हे. कोणी तरी, कोठे तरी, काही तरी विपरीत पाहिले आणि त्याची खबर दिली, इतकाच त्याचा अर्थ. आरोपी कोण हे त्यात लिहिलेले नसते, आणि खबर देणारालाच आरोपी ठरवून त्याची हकालपट्टी करण्याची जी रीत आमच्या धंद्यात रूढ झाली आहे, तिच्याविषयी मला येथे जरा सविस्तर लिहावयाचे आहे.

आमच्याकडे कोड घेऊन येणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून अधिक व्हॅनीच असतात. १९८४ साली मारुतीची पहिली व्हॅन आली, तीच पुढे ओम्नी या नावाने घरोघरी झाली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. मध्यंतरी २००१ मध्ये व्हर्सा आली, आणि २०१० मध्ये तिच्याच सांगाड्यावर ईको. या तिन्ही गाड्यांचे इंजिन नाकाखाली नसून पुढच्या बैठकीखाली असते. ड्रायव्हर अक्षरशः इंजिनावर बसलेला असतो, आणि दुरुस्ती करावयाची तर बॉनेट उघडण्याऐवजी बैठक उचलून मागे उलटवावी लागते. तिच्याखाली पत्र्याच्या खोल चौकटीत ते इंजिन, वर्षानुवर्षांची धूळ, एखादे चिल्लर नाणे, शाळकरी मुलाचे खोडरबर आणि पारले बिस्किटाचा कागद यांच्या सहवासात नांदताना दिसते. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेव्हा त्या कोंडलेल्या जागेतील रबरी नळ्या, प्लॅस्टिकच्या क्लिपा आणि तारांवरील आवरणे यांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना केवळ तेथे हात घालणाऱ्यालाच येते. शिवाय या गाड्यांच्या नशिबी विश्रांती नाही. सकाळ-दुपार शाळेची मुले, गुरुवारी अक्कलकोटचे भाविक, नवरात्रात तुळजापूर, लग्नसराईत केटररची भांडी, आणि राहिलेल्या वेळात वडाप.

अशीच एक २०१४ सालची, एम. एच. १३ पासिंगची व्हॅन एका पावसाळ्याच्या अखेरीस माझ्याकडे आली. मालक स्वतःच ड्रायव्हर. बोलणे तुटक, पण मुद्द्याचे. "मिस्त्री, तीन ठिकाणी दाखवली. परत्येकानं एक-एक सामान बदललं, पैसे घेतलं. पण ह्यो पिवळा दिवा काय इझंना. इझतोय, दोन दिसांनी परत येतोय," असे म्हणून त्यांनी बैठकीखालून एक पिशवी काढली आणि तिच्यातून बदललेल्या सामानाच्या पावत्या माझ्यासमोर ओळीने मांडल्या. ऑक्सिजन सेन्सर नवा, प्लग नवे, इंजेक्टर धुऊन घेतलेले. कोड मात्र आरंभापासून एकच: पी ०१७१. त्याचा पाठ्यपुस्तकी अर्थ असा, की इंजिनाचे मिश्रण अति विरळ झाले आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे.

या कोडामागची यंत्रणा समजल्यावाचून पुढची हकीगत समजणार नाही. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण राखले जाते की नाही, हे पाहण्यासाठी धुराच्या वाटेवर, कन्व्हर्टरच्या आधी, ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. धुरात प्राणवायू उरला असेल तर तो व्होल्टाच्या दशांशाइतका क्षीण दाब देतो. उरला नसेल, तर व्होल्टाच्या नऊ दशांशांपर्यंत चढतो. निरोगी इंजिनात हा आकडा दर क्षणी वर-खाली झोके घेत असतो, आणि त्या झोक्यांनुसार कॉम्प्युटर इंजेक्टर किंचित अधिक किंवा किंचित कमी वेळ उघडा ठेवतो. ही दुरुस्ती टक्क्यांत मोजली जाते आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम या नावाने दिसते. अधिक-उणे पाच-सात टक्क्यांत कोणाची हरकत नसते. पण नित्याचे पेट्रोल वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढवूनही सेन्सर अद्याप प्राणवायूच प्राणवायू म्हणत राहिला, म्हणजे कॉम्प्युटर हात टेकतो आणि पी ०१७१ ची नोंद करून दिवा लावतो.

कोडाबरोबर आणखी एक दस्तऐवज दप्तरी ठेवलेला असतो, आणि बहुतेक लोक तो उघडूनही पाहत नाहीत. दोष नोंदला त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिनाचे फेरे किती, पाणी किती तापलेले, ट्रिम किती, हा सारा पंचनामा कॉम्प्युटर गोठवून ठेवतो. फ्रीझ फ्रेम म्हणतात ती हीच. कोड पुसला की तीही पुसली जाते. म्हणून पुसण्याआधी ती वहीत उतरवून घेण्याचा माझ्या गॅरेजात कडक हुकूम आहे. या व्हॅनीच्या पंचनाम्यात वेग शून्य होता, फेरे आयडलचे होते आणि पाणी अद्याप पुरते तापलेले नव्हते. म्हणजे दोष शाळेच्या दाराशी, गाडी चालू ठेवून मुलांची वाट पाहताना नोंदला गेला होता. अक्कलकोटच्या सरळ रस्त्यावर धावताना नव्हे.

मी गाडी चालू केली. आयडलला ट्रिम चोवीस टक्क्यांच्या आसपास; ॲक्सिलरेटर दाबून फेरे अडीच हजारांवर धरले, तेव्हा तोच आकडा हळूहळू उतरत सहा-सातांवर आला. पेट्रोलचा पंप थकला असता किंवा फिल्टर तुंबला असता, तर मागणी वाढल्यावर तूटही वाढावयास हवी होती. येथे उलट ती कमी होत होती. म्हणजे पुरवठा निर्दोष. मग सेन्सरची परीक्षा. हवेच्या नळीत कार्ब क्लीनरचा एक फवारा सोडला. सेन्सरचा आकडा तत्काळ नऊ दशांशांकडे उसळला आणि फवारा संपताच खाली आला. इतका तरतरीत सेन्सर खोटे बोलत असेल यावर माझा विश्वास बसेना. आधीचा सेन्सर पिशवीत नव्हता, नाही तर तोही लावून पाहिला असता. मला दाट संशय आहे की तोही असाच तरतरीत होता.

यानंतर मी प्लग काढले, आणि येथे खरा पेच पडला. कोड म्हणत होता की पेट्रोल कमी पडते. प्लग मात्र काजळीने मखमलीसारखे काळेभोर. पेट्रोल कमी पडणाऱ्या इंजिनाचे प्लग पांढुरके, करपलेले निघतात. हे प्लग पेट्रोल उतू जाणाऱ्या इंजिनाचे होते. मालकाचीही तक्रार हीच, की ॲव्हरेज पार बसले आहे आणि सकाळी सेल्फ मारला की पेट्रोलचा वास येतो. दोन साक्षी परस्परविरुद्ध, आणि दोन्ही खऱ्या. असा प्रसंग आला, म्हणजे हातातला पाना खाली ठेवून बाकावर बसावे, हे मला वस्तादांनी शिकवले. ते बसत तेव्हा आम्हा पोरांना वाटे की म्हातारा दमला. तो विचार करतो आहे, हे कळायला फार काळ गेला.

दोन्ही साक्षी खऱ्या मानल्या, तर एकच उलगडा उरतो: सेन्सरपाशी जो प्राणवायू पोहोचतो, तो इंजिनाच्या पोटातून आलेलाच नाही, तो वाटेत बाहेरून शिरला आहे. इंजिनातून धूर अखंड धारेने निघत नाही, ठोक्याठोक्याने निघतो. प्रत्येक ठोक्यामागून नळीत क्षणभर दाब कमी होतो, आणि त्या क्षणी मॅनिफोल्डाला कोठे बारीकशी फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर इमानाने सांगतो की येथे प्राणवायू आहे. कॉम्प्युटर त्यावरून अनुमान काढतो की पेट्रोल कमी पडले, आणि आधीच पुरेसे असलेल्या पेट्रोलात आणखी भर घालतो. फेरे वाढले की ठोके जवळजवळ येतात, धुराचा रेटा वाढतो, बाहेरच्या हवेचा वाटा नगण्य ठरतो आणि ट्रिम खाली येते. पाहिलेली सारी लक्षणे या एका फटीत सामावत होती. फक्त ती फट कोणी पाहिली नव्हती.

ती पाहण्यासाठी गाडी रात्रभर गॅरेजात ठेवली, कारण लोखंड तापले की फुगते आणि अशा फटी आपोआप मिटतात. सकाळी, थंड इंजिनावर, बैठक उलटवून मी कान लावला आणि हाताखालच्या मुलाला सेल्फ मारायला सांगितले. चिक्-चिक्-चिक् असा एक बारीक, कोरडा आवाज, टॅपेटचा म्हणून कोणीही सोडून देईल असा. मग मुलाला मागे पाठवून सायलेन्सरच्या तोंडावर ओले पोते क्षणभर दाबून धरायला सांगितले. आतला दाब वाढताच त्या चिक्-चिक् ची स्पष्ट फट-फट झाली. बॅटरीच्या उजेडात मॅनिफोल्डाच्या एका टोकाच्या सिलिंडरपाशी, हेड आणि मॅनिफोल्ड यांच्या सांध्यावर, पंख्याच्या आकाराचा काजळीचा डाग दिसला. त्या टोकाचा स्टड तुटून गेला होता; नटासकट त्याचे डोके कोठे तरी रस्त्यावर पडलेले, आणि उरलेले खोड हेडच्या आत.

टोकाचेच स्टड का तुटतात, यालाही कारण आहे: मॅनिफोल्ड तापून लांबतो, तो मधोमध घट्ट धरलेला असल्याने सारी ओढाताण दोन टोकांवर येते, आणि वर्षानुवर्षे रोज तापणे-निवणे सोसून पोलादही कंटाळते. यात कंपनीचा दोष नाही, मागच्या मेकॅनिकांचा नाही आणि मालकाचाही नाही. गाडीचे वय झाले, इतकेच. तुटलेल्या खोडावर एक नट ठेवून तो आतून वेल्ड करून घेतला. वेल्डिंगच्या उष्णतेने गंज सैल झाला, आणि मग पाना लावून, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल सोडत सोडत ते खोड बाहेर काढले. या कामात घाई करणारा माणूस खोड आतच मोडतो, मग ड्रिल, मग नवीन आटे, मग हेड उतरवणे, असा खर्चाचा डोंगर उभा राहतो. मॅनिफोल्डाचे तोंड सरळ पट्टी लावून पाहिले, किंचित वाकले होते, ते लेथवर घासून घेतले. नवे गॅस्केट, सगळेच स्टड नवे, आणि आवळताना मधून टोकांकडे. कोड पुसला, गाडी गरम केली. ट्रिम तीन-चार टक्क्यांवर येऊन स्थिरावली. मालक दुसऱ्या आठवड्यात आले ते दिव्याबद्दल बोललेच नाहीत. "पेट्रोल कमी प्यायला लागली की ओ," एवढेच म्हणाले.

गॅस्केट आणि स्टड यांची किंमत काही शे रुपये. त्याआधी बदललेल्या सेन्सरची काही हजार. या तफावतीचे मूळ मेकॅनिकांच्या अज्ञानात आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि अज्ञान नाही असे मी म्हणणार नाही. पण खरे मूळ हिशेबाच्या पद्धतीत आहे. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक सामानाचे पैसे देते, मजुरीचे घासाघीस करून देते, आणि तपासाचे मुळीच देत नाही. बाकावर बसून विचार करण्यात गेलेला तास बिलावर कोणत्या सदराखाली लिहावा? "नुसता स्कॅनर लावला, त्याचे कसले पैसे?" हा प्रश्न मला सुशिक्षित, सुस्थितीतील, स्वतःच्या व्यवसायात सल्ल्याची फी विनासंकोच घेणाऱ्या सद्गृहस्थांनीसुद्धा विचारला आहे. ज्याला विचाराचे पैसे मिळत नाहीत, तो विचार न करता जे विकता येते ते विकतो. आणि कोडाच्या मजकुरात ज्या वस्तूचे नाव येते, ती वस्तू विकणे सर्वांत सोपे. गिऱ्हाइकालाही हातात नवी वस्तू दिसते, पडद्यावर तेच नाव दिसते, त्याचे समाधान होते. अशा रीतीने सेन्सर हा खरी साक्ष देणारा गरीब नोकर दर वेळी बडतर्फ होतो.

याच्या उलट प्रकारही घडतो, म्हणजे खरोखरच साक्षीदारांचे बोलणे विश्वासार्ह नसते. परंतु त्यालाही एक खूण आहे. दुसऱ्या एका व्हॅनीत एकदम तीन कोड आले: पाण्याच्या तापमानाचा, थ्रॉटलच्या स्थितीचा आणि हवेच्या दाबाचा. तीन स्वतंत्र सेन्सर एकाच दिवशी नादुरुस्त होणे हा योगायोग जवळपास अशक्य असतो. तिघांत जे सामाईक आहे, ते पाहावे. सामाईक होती अर्थिंगची तार. ती व्हॅन एका धान्याच्या दुकानामागे मुक्कामाला असे, आणि तेथील उंदरांनी तारांच्या जुडग्यातील ही एकच तार जवळजवळ पुरती कुरतडली होती. तांब्याचे दोन-तीन केस उरलेले. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे सेन्सरच्या अर्थला लावले, की इंजिन चालू असताना तेथे जवळपास शून्य दिसले पाहिजे. येथे अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसत होते. तारेला जोड दिला, आवरण चढवले, तिन्ही कोड गेले. सामानाचा खर्च म्हणाल तर इन्सुलेशन टेपचा.

तुळजापूरच्या घाटात भर दुपारी बंद पडून, अर्ध्या तासाने आपोआप चालू होणाऱ्या आणि टोचन करून आणेपर्यंत पूर्ण शहाण्या झालेल्या गाड्यांविषयी लिहू लागलो तर हा लेख संपायचा नाही. त्यांत बहुधा पी ०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड असतो, आणि येथे मात्र पुष्कळदा सेन्सर खरोखरच दोषी निघतो; पण तोही तापवून, रेझिस्टन्स मोजून, दोष सिद्ध झाल्यावर बदलावा. थंड इंजिनावर तो निर्दोष दिसतो म्हणून सोडून देऊ नये, इतकीच सूचना.

जुनी व्हॅन बाळगणाऱ्यांना आणि विशेषतः जुनी व्हॅन विकत घेऊ पाहणाऱ्यांना चार गोष्टी सांगून थांबतो. किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू होण्यापूर्वी, तो पिवळा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. लागला नाही तर कोणी तरी बल्ब काढला आहे किंवा आतून काळी पट्टी चिकटवली आहे असे समजून सौदा तेथेच थांबवावा. दिवा नाही, कोडही नाही, पण स्कॅनरवर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसत असतील, तर सकाळीच कोणी तरी सारे दप्तर पुसून टाकले असण्याचा संभव मोठा. अशा वेळी गाडी काही दिवस चालवून पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत. चालत्या गाडीत दिवा स्थिर असेल तर सवडीने दाखवले तरी चालते, पण तो लुकलुकत असेल तर ठोके चुकून कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आहे असे जाणून वेग कमी करावा आणि लवकरात लवकर गाडी थांबवावी. आणि दुरुस्तीला द्याल तेव्हा कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम कागदावर उतरवून मागा, बदललेला जुना भाग परत मागा, आणि तपासाचे वेगळे पैसे कोणी सांगितले तर ते घासाघीस न करता द्या. सेन्सरपेक्षा ते बहुधा स्वस्तच पडतात.